वर्गांतील कांदाबाजार



नकाशावर सह्याद्रि दाखवितां येतो. प्रयोगशाळेंत प्राणवायु तयार करून त्यांत विझत आलेली काडी पुन्हां पेटलेली दाखवितां येते. परंतु सरकारचें आर्थिक धोरण ही वस्तु मुलांना कशी दाखवावी, हा नागरिकशास्त्राच्या शिक्षकापुढें नेहमींचा पेंच असतो. सरकार आयात-निर्यातीवर नियंत्रण ठेवतें, असें वाक्य पुस्तकांत असतें. मुलें तें पाठ करितात, परीक्षेंत लिहितात, आणि त्या वाक्यानें कोणाच्या घरांत काय झालें हा विचार त्यांच्या मनाला शिवत नाहीं. जुन्नर आणि आंबेगांव या पुणें जिल्ह्याच्या उत्तरेकडील दोन तालुक्यांत तर ही विसंगति अधिकच जाणवते. ओतूर, आळेफाटा, नारायणगांव, मंचर या बाजारपेठांच्या आसपासचीं मुलें 'निर्यातबंदी' हा शब्द पुस्तकांत येण्यापूर्वींच घरीं ऐकतात. बापाचा चेहरा पाहून त्यांना त्या दिवसाचा भाव कळतो. पण तो भाव कां पडला असें विचारलें तर 'व्यापाऱ्यानें पाडला' किंवा 'सरकारनें पाडला' यापलीकडे त्यांचें उत्तर जात नाहीं. पुण्या-मुंबईच्या घरांत तीच गोष्ट उलट्या बाजूनें ऐकूं येते. तेथें प्रश्न असतो, "कांदा एवढा महाग झाला, सरकार झोंपलें आहे काय?"

आज ज्या खेळाविषयीं बोलावयाचें आहे त्याला मी लुटुपुटीचा बाजार म्हणतों. विद्यापीठांत त्याला मोठें भारदस्त नांव आहे. आपल्याला त्याची गरज नाहीं. भातुकलींत मुली खरा संसार लहान करून मांडतात, तसा यांत बाजार लहान करून मांडावयाचा, एकाला सरकार करावयाचें, आणि त्यानें एखादा हुकूम काढला म्हणजे कोणाच्या ताटांत काय पडलें आणि कोणाच्या ताटांतून काय उचललें गेलें, हें मुलांनीं स्वतःच्या हातानें मोजावयाचें.

ही कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंत एलिझाबेथ मॅगी नांवाच्या बाईंनीं १९०४ सालीं 'जमीनदाराचा खेळ' या पटाचें पेटंट मिळविलें. जमिनीचा खंड थोड्या हातांत कसा सांचत जातो, आणि त्यावर कर बसवावा असें हेन्री जॉर्ज यांचें म्हणणें कां होतें, हें लोकांना खेळतां खेळतां कळावें हा त्यांचा हेतु. पुढें त्याच पटापासून 'मोनॉपली' निघाला, आणि खंडाचे तोटे दाखविण्यासाठीं काढलेल्या खेळांत घरोघरचीं मुलें खंड वसूल करण्यांत रंगून गेलीं! खेळ काढणाऱ्याचा हेतु आणि खेळणाऱ्याचा आनंद निराळ्या वाटांनीं जाऊं शकतात, हें शिक्षकानें ध्यानांत ठेवलेलें बरें.

१९४९ सालीं लंडनच्या अर्थशास्त्र-विद्यालयांत बिल फिलिप्स या मूळच्या न्यूझीलंडच्या गृहस्थानें तर पाण्यावर चालणारें यंत्रच उभें केलें. पारदर्शक टाक्या, नळ्या आणि तोट्या. आंत रंगीत पाणी. पाणी म्हणजे देशांतील उत्पन्नाचा ओघ. कराची वाट निराळी, सरकारी खर्चाची निराळी, बचतीची निराळी. एक तोटी पिळली कीं दुसऱ्या टाकींतील पातळी हळूहळू बदलतांना डोळ्यांना दिसे. आमच्याकडच्या मुलांना हें यंत्र समजावून सांगण्यास चित्रसुद्धां लागत नाहीं. येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगे आणि डिंभे हीं कुकडी प्रकल्पाचीं पांच धरणें त्यांच्या रोजच्या बोलण्यांतलीं आहेत. ज्या गांवावरून तालुक्याला नांव मिळालें तें आंबेगांव तर डिंभ्याच्याच पाण्याखालीं गेलें. धरणाचें दार उघडल्यावर कालव्याच्या शेवटच्या टोंकाला पाणी पोंचण्यास किती दिवस लागतात आणि मध्यें कोण किती उपसतो, हें त्यांना पुस्तकावांचून ठाऊक असतें. सरकारी हुकुमाचेंही तसेंच आहे. दार दिल्लींत फिरतें. ओतूरच्या शेतांत त्याचा परिणाम कांहीं वेळां दुसऱ्याच दिवशीं येतो, तर कांहीं वेळां पुढच्या हंगामांत.

बाजार हा या भागाला परका नाहीं, हेंही जातां जातां सांगावेंसें वाटतें. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीनें दिलेल्या दानाचा उल्लेख आहे. नाणेघाटांत जो भला मोठा दगडी रांजण आहे तो जकातीचा म्हणून दाखवितात. कोंकणांतून वर येणाऱ्या मालावर कर घ्यावा कीं न घ्यावा, घेतला तर किती, हा प्रश्न त्या घाटांत दोन हजार वर्षांपूर्वीं कोणीतरी सोडविला असला पाहिजे.

आतां प्रत्यक्ष खेळाकडे वळूं. याचें मूळ हार्वर्ड विद्यापीठांतील एडवर्ड चेंबरलिन यांच्या वर्गांत सांपडतें. त्यांनीं विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या वांटल्या. कोणाच्या चिठ्ठीवर माल किती रुपयांच्या खालीं विकूं नये हें लिहिलेलें, कोणाच्या चिठ्ठीवर किती रुपयांच्या वर घेऊं नये हें. मुलें वर्गांत हिंडून, दोघे-दोघे गांठून सौदे करीत. १९४८ सालीं त्यांनीं त्याचा वृत्तांत छापला, तेव्हां भाव पुस्तकांतल्या जागीं येत नाहीं असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांच्या त्या वर्गांत बसलेले व्हर्नन स्मिथ यांनीं १९५६ सालापासून तोच खेळ पर्ड्यू विद्यापीठांत थोडा बदलून खेळविला. मागणी आणि देकार सर्वांसमक्ष मोठ्यानें पुकारावयाचे, आणि तोच डाव पुन्हां पुन्हां खेळावयाचा. एवढ्यानेंच भाव आश्चर्यकारक रीतीनें एका जागीं स्थिर होऊं लागला. २००२ सालीं स्मिथ यांना अर्थशास्त्राचें नोबेल स्मृति-पारितोषिक मिळालें तें याच प्रकारच्या कामासाठीं.

सामान फारसें लागत नाहीं. आठ मुलें शेतकरी, आठ शहरांतील गिऱ्हाइकें, चार निर्यातदार आणि एक सरकार. एकजण फळ्यापाशीं उभा राहून सौदे लिहितो. एक चिंचोका म्हणजे कांद्याची एक गोणी. प्रत्येक शेतकऱ्याजवळ एक. शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्यांवर खर्चाचे आंकडे असे: ६, ८, १०, १२, १४, १६, १८ आणि २०. कोणाची स्वतःची विहीर आहे, कोणाला पाणी लांबून आणावें लागतें. कोणाच्या घरचीं माणसें खुरपतात, कोणाला मजूर लावावे लागतात. म्हणून खर्च सारखा नाहीं. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवर त्यांना जास्तींत जास्त किती परवडतें तें: २१, १९, १७, १५, १३, ११, ९ आणि ७. निर्यातदारांच्या चिठ्ठ्या २२, २०, १८ आणि १६. आमच्याकडे कांद्याचा भाव दहा किलोंवर पुकारतात, नाशिककडे क्विंटलवर. येथले आंकडे मात्र बाजाराचे नव्हेत, केवळ हिशेबाच्या सोयीचे आहेत. आपली चिठ्ठी कोणीं कोणास दाखवावयाची नाहीं, हा एकच कडक नियम. चिठ्ठी आणि सौद्याचा भाव यांत जो फरक पडेल तो ज्याचा त्याचा फायदा.

पहिला डाव मी मुद्दाम रुमालाखालीं खेळवितों. पूर्वीं बाजारांत घेणारा आणि देणारा रुमालाखालीं हात घालून बोटें दाबीत आणि भाव ठरवीत, हें मुलांनीं आजोबांकडून ऐकलेलें असतें. त्यांना या डावाची फार मौज वाटते. पण फळ्यावर भाव लिहिले गेले म्हणजे एक गोणी नवाला गेलेली असते आणि तिच्याच शेजारची अठराला. नवाला विकणारा मुलगा लालबुंद होतो. मग दुसरा डाव उघड्या लिलावाचा. पहिल्या दोन-तीन सौद्यांत गडबड होते. पण तोच डाव दोनदां-तीनदां खेळला कीं भाव सोळा-सतराच्या मध्यें येऊन बसतो. सहा गोण्या विकल्या जातात. तीन शहरांत राहतात, तीन परदेशीं जातात. अठरा आणि वीस खर्चाचे दोन शेतकरी माल घरीं नेतात.

येथें मुलांना विचारावें कीं, रुमाल कोणीं काढला? १९३९ सालच्या मुंबई इलाख्याच्या शेतमाल बाजार कायद्यानें आणि पुढें १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानें बाजार समित्यांची घडी बसत गेली, उघडा लिलाव आणि खरें माप हे नियम झाले. बाजार समित्यांविषयीं तक्रारी पुष्कळ आहेत, त्यांतल्या कांहीं खऱ्याही आहेत. परंतु सरकारचा बाजाराशीं संबंध केवळ भाव पाडण्यापुरता किंवा चढविण्यापुरता नसून, भाव सर्वांना दिसेल अशी जागा उभी करणें हेंही सरकारचें धोरणच आहे, ही गोष्ट रुमालाच्या डावानें एका तासांत उमगते.

तिसऱ्या डावाच्या आरंभीं सरकार उठून फळ्यावर लिहितें: निर्यात बंद. चार निर्यातदार हात बांधून बसतात. आतां लिलाव सुरू झाला कीं भाव उतरत उतरत तेरा-चौदावर येतो. चारच गोण्या खपतात. सोळाची गोष्ट दूरच राहो, चौदा आणि सोळा खर्चाचे जे शेतकरी मघां हंसत होते तेही आतां माल परत नेतात. शहरांत मात्र आनंद असतो. पूर्वीं तीन घरांत कांदा जात होता, आतां चार घरांत गेला, आणि तोही तीन रुपयांनीं स्वस्त.

आतां हिशेब. निर्यात सुरू असतांना भाव साडेसोळा धरला तर शेतकऱ्यांचा एकूण फायदा तेहतीस रुपये होतो, शहरांतल्या घरांचा साडेसात, निर्यातदारांचा साडेदहा, एकूण एकावन्न. बंदीनंतर भाव साडेतेरा धरला तर शेतकऱ्यांचे अठरा, शहराचे अठरा, निर्यातदारांचें शून्य, एकूण छत्तीस. शहराला साडेदहा रुपये मिळाले. त्यासाठीं शेतकऱ्यांनीं पंधरा गमावले आणि निर्यातदारांनीं साडेदहा. उरलेले पंधरा रुपये कोणाच्याच पदरांत पडले नाहींत. मुलें हे पंधरा रुपये वर्गभर शोधतात. कोणी म्हणतो सरकारनें घेतले. सरकार झालेला मुलगा दोन्ही खिसे उलटे करून दाखवितो. जो सौदा झालाच नाहीं त्याचा फायदा कोठेंच सांपडावयाचा नाहीं, हें कळण्यास त्यांना थोडा वेळ लागतो.

पण मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. ११, ९ आणि ७ च्या चिठ्ठ्या ज्यांच्या हातांत असतात त्यांना पहिल्या डावापासून एकदांही कांदा मिळालेला नसतो. बंदी नव्हती तेव्हां नाहीं, बंदी आली तेव्हांही नाहीं. तेराची चिठ्ठी तर अगदीं थोडक्यांत हुकते. बंदीचा लाभ झाला तो २१, १९, १७ आणि १५ वाल्यांना, म्हणजे ज्यांची ऐपत मुळांतच बरी होती त्यांना. गरिबाच्या भाकरीवरचा कांदा या नांवानें जो हुकूम निघाला, त्यानें सर्वांत गरीब तीन घरांची चूल होती तशीच ठेवली. ओतूरकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलीच्या वांट्याला एकदां नवाची चिठ्ठी आली होती. तास संपल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, आम्ही घरीं शहरवाल्यांना नांवें ठेवतों, पण शहरांत हीही माणसें असतील असें वाटलें नव्हतें." खेळांत चिठ्ठ्या सोडतीनें वांटाव्या, शेतकऱ्याच्या मुलाला शेतकरीच करूं नये, असें मी म्हणतों तें याचसाठीं.

श्रोत्यांपैकीं कोणी म्हणतील, खेळांतल्या बंदीचें ठीक आहे, खऱ्या बंदीचें काय? खरी हकीकत अलीकडचीच आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजीं कांद्याची निर्यात बंद झाली ती पुढच्या मार्चमध्यें खुली झाली. १४ सप्टेंबर २०२० रोजीं पुन्हां बंदी. ती १ जानेवारी २०२१ पासून उठली. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं निर्यातीवर चाळीस टक्के कर बसला. नाशिक जिल्ह्यांत लिलाव बंद पडले. सरकारनें क्विंटलला २४१० रुपये दरानें दोन लाख टन आणखी खरेदी करण्याचें जाहीर केलें. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला आठशें डॉलर हें किमान निर्यातमूल्य ठरलें, आणि ८ डिसेंबर २०२३ पासून, कांहीं मित्रदेशांना दिलेला ठराविक कोटा वगळतां, निर्यात पूर्ण बंद झाली. ती बंदी मे २०२४ मध्यें उठली, पण टनाला साडेपांचशें डॉलर किमान मूल्य आणि चाळीस टक्के कर हीं राहिलीं. सप्टेंबर २०२४ मध्यें किमान मूल्य गेलें, कर वीस टक्क्यांवर आला. १ एप्रिल २०२५ पासून तोही गेला. म्हणजे वीस महिन्यांत नियम निदान सहा वेळां बदलला. डिसेंबरचा महिना आमच्याकडे उन्हाळी कांद्याच्या लागवडीचा. रोपें वाफ्यांत तयार, मजूर बोलावलेले, आणि अशा वेळीं फळ्यावरचा नियम पुसून नवा लिहिला जातो.

सरकारला केवळ दुष्ट ठरवून मोकळें होणें सोपें आहे. मला तें पटत नाहीं. १९९८ सालीं दिल्लीच्या विधानसभेच्या निवडणुकींत कांद्याच्या भावानें काय हाहाकार केला तो ज्या पुढाऱ्यांनीं पाहिला, त्यांना कांदा म्हटला कीं धडकी भरणारच. खेळांतही हेंच दिसतें. सरकार झालेल्या मुलाकडे दोन्ही पक्षांचीं शिष्टमंडळें येतात. गिऱ्हाइकें आठ, शेतकरी आठ; पण गिऱ्हाइकांची मागणी एका वाक्याची असते, कांदा स्वस्त करा. शेतकऱ्यांच्या मागण्या आठ निरनिराळ्या. कोणाला निर्यात हवी, कोणाला खरेदी हवी, सहा खर्चाच्या शेतकऱ्याला तर तेरा रुपयेही बरेच वाटतात. एका वाक्याची मागणी लवकर ऐकूं येते.

मग दुसरे उपाय करून पाहावे. बंदीऐवजीं निर्यातीच्या प्रत्येक गोणीवर चार रुपये कर बसवावा. भाव पंधरा-सोळावर थांबतो, पांच गोण्या विकल्या जातात, दोन परदेशीं जातात आणि सरकारच्या हातांत आठ रुपये येतात. शहराला रुपया-दीड रुपयाचा दिलासा, शेतकऱ्याला थोडा चटका. एवढ्यावर थांबलें तर तो डाव नीरस वाटतो. परंतु मंचरकडच्या एका वर्गांत एका मुलानें विचारलें कीं, हे आठ रुपये कोणाचे? आणि त्यावरून जी चर्चा झाली तींतून पुढचा डाव निघाला. १३ आणि ११ च्या चिठ्ठ्यांना सरकारनें चार-चार रुपयांचीं कुपनें द्यावीं, कर तसाच ठेवावा. आतां भाव सोळाच्या जवळ जातो. सहा शेतकऱ्यांचा माल खपूं शकतो; सहाव्याला नफा कांहीं उरत नाहीं, म्हणून तो कधीं विकतो, कधीं अडून बसतो. तेराच्या घरांत पहिल्यांदाच कांदा येतो. अकराचें घर कुपन असूनही रुपयानें हुकतें. तें कुपन तसेंच राहतें, आणि सरकारजवळ चार रुपये शिल्लक पडतात. त्या चार रुपयांवर वर्गांत जितकें भांडण झालें तितकें खऱ्या अंदाजपत्रकावर घराघरांत झालें असतें तर फार बरें झालें असतें.

मात्र कुपनें १३ आणि ११ लाच कां दिलीं? कारण मला चिठ्ठ्या ठाऊक होत्या. खऱ्या सरकारला त्या ठाऊक नसतात, आणि या खेळाचें सर्व मर्म माझ्या मतें येथें आहे. एका डावांत सरकार झालेल्या मुलीनें हुकूम काढला, सर्वांनीं आपापल्या चिठ्ठ्या उघड्या कराव्या. दोन मिनिटांत सर्व चिठ्ठ्यांवर खाडाखोड! सहाचे सोळा झाले, एकवीसचे अकरा झाले. ती बिचारी म्हणाली, "गुरुजी, हे सगळे खोटें बोलत आहेत." मीं तिला म्हटलें, "बाळ, खऱ्या सरकारपुढेंही असेच कागद येतात." तेव्हांपासून सरकारला फळ्यावरचा मागचा भाव आणि शिष्टमंडळांचें बोलणें, एवढेंच कळावें असा नियम मीं घातला आहे.

पुढच्या हंगामाचा डाव न खेळतां खेळ बंद केला तर मुलांच्या डोक्यांत अर्धवट गोष्ट राहते. बंदीच्या डावानंतर प्रत्येक शेतकऱ्याला विचारावें, पुढच्या वर्षीं लावणार काय? ज्या चौघांचा माल परत गेला ते नाहीं म्हणतात. राहिले चार शेतकरी. आतां सरकारनें निर्यात खुली केली तर चार गोण्यांवर बारा गिऱ्हाइकें तुटून पडतात. भाव अठरा-एकोणीसवर जातो आणि शहरांत दोनच घरांत कांदा जातो. गेल्या वर्षीं चार घरांनीं साडेतेरानें घेतला होता तो हाच कांदा. हा भाव पाहून त्याच्या पुढच्या हंगामांत आठही शेतकरी दोन-दोन गोण्या लावतात. बारा गिऱ्हाइकांपुढें सोळा गोण्या! भाव सातापर्यंत घसरतो आणि तेथेंही थांबत नाहीं. पहिल्या डावांत खर्च निघत नसेल तर माल घरीं ठेवावा असा नियम होता. पण पीक एकदां उभें राहिल्यावर झालेल्या खर्चाच्या चिठ्ठीला अर्थ राहत नाहीं. जें हातांत पडेल तें घ्यावें लागतें. शेतकरी तोट्यांत माल विकतो म्हणजे त्याला हिशेब येत नाहीं, असें शहरांत समजतात. तो हिशेब असा आहे. भाव आणि लागवड यांच्या या पाठशिवणीच्या खेळाला निकोलस काल्डोर यांनीं १९३४ सालीं कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली, कारण कागदावर आंकडे मांडून रेघा जोडल्या तर आकृति तशीच दिसते. सरकारी खरेदीचा साठा, ज्यासाठीं २०१४-१५ मध्यें भावस्थिरीकरण निधि उभारला गेला, तो हें जाळें आकुंचित करण्यासाठींच असतो. भाव पडला असतां घ्यावें, चढला असतां काढावें. उलट वेळीं काढला तर तोच साठा जाळें मोठें करतो.

टोमॅटोचा डाव निराळा लागतो, कारण त्याला चाळ नाहीं. उन्हाळी कांदा चाळींत चार-पांच महिने राहतो, थोडा सडतो, थोडा वजनांत घटतो. टोमॅटो आठवड्याच्या आंत विकावा लागतो. जुलै २०२३ मध्यें नारायणगांवच्या बाजारांत वीस किलोंचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता. केंद्र सरकारनें नाफेड आणि एन. सी. सी. एफ. या संस्थांकडून टोमॅटो विकत घेऊन दिल्लीसारख्या शहरांत कमी दरानें विकविला. सप्टेंबरपर्यंत भाव कोसळले. तेव्हां दर पाडला कोणीं, सरकारनें कीं नव्या तोडणीनें? या प्रश्नावर मुलांचे दोन तट पडतात, आणि ते पडूं द्यावे. सातगांव पठाराकडच्या मुलांना बटाट्याचा, आधींच ठरलेल्या भावाच्या कराराचा डाव हवा असतो. त्याचे आंकडे मीं अजून नीट बसविलेले नाहींत.

या खेळांत काय नाहीं तेंही सांगितलें पाहिजे. यांत अवकाळी पाऊस नाहीं, सोसायटीचें कर्ज नाहीं, गोणीमागें हमाली आणि तोलाई नाहीं, आणि ओळखीचा अडत्या आगाऊ पैसे देतो म्हणून त्याच्याच गाळ्यावर माल नेण्याची बांधिलकी नाहीं. हीं सर्व घातलीं तर खेळ खऱ्यासारखा होईल आणि खऱ्यासारखाच कोणाला कळेनासा होईल. कर्जाचा एक डाव मात्र घालावा: दोन शेतकऱ्यांच्या चिठ्ठीवर 'आजच विकलें पाहिजे' एवढेंच लिहावें. लिलाव संपल्यावर त्यांचे भाव इतरांशीं ताडून पाहावे.

हा खेळ शाळेंतच खेळावा असें नाहीं. दिवाळीच्या सुटींत घरांत पंधरा-वीस माणसें जमतात. चिंचोके नसतील तर शेंगदाणे चालतील, पण ते डाव संपेपर्यंत उरत नाहींत असा अनुभव आहे. माणसें कमी असतील तर दोन चिठ्ठ्या एकाला द्याव्या. घरांतल्या कर्त्या पुरुषाला सातची चिठ्ठी द्यावी आणि तीन डाव संपेपर्यंत बदलूं देऊं नये. सरकार मात्र घरांतल्या सर्वांत धाकट्या मुलाला करावें, आणि त्याच्या कानाशीं कोण कोण जाऊन बसतें इकडे लक्ष ठेवावें.